अक्काची रॉकेटं

बातमी आली तेव्हा मी तांदूळ निवडत होते. दुपारचे अडीच वाजले असतील. अक्काच्या कचेरीतला शिपाई सायकल फाटकाला टेकवून आत आला आणि अंगणातच उभा राहिला. रेनकोटातून पाणी गळत होतं, म्हणून पायरी चढत नसेल असं मला वाटलं. "वहिनी, साहेब आहेत का?" त्याने विचारलं. हे शाळेत होते. मग त्याला मलाच सांगावं लागलं. अक्का डबा खाऊन टेबलापाशी बसली, कागदावर झुकली आणि तशीच राहिली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं, बारीक रेघ ओढते आहे. रेघ ओढताना अक्का श्वास रोखून धरायची हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे पाच-सात मिनिटं कोणी हाकच मारली नाही... मी ऐकून घेतलं. निवडलेले तांदूळ डब्यात भरले, न निवडलेले वेगळे ठेवले, ताट धुतलं आणि मग चपला घातल्या. तो शिपाई तेवढा वेळ पावसात उभा होता. त्याला आत ये म्हणायचंसुद्धा मला सुचलं नाही. दवाखान्यात पोचले तेव्हा करण्यासारखं काही राहिलेलं नव्हतं. मेंदूतली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले. अक्काला सेहेचाळिसावं सरून सत्तेचाळिसावं लागलं होतं.

या गोष्टीला सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत मला रडू आलेलं नाही. भेटायला येणाऱ्या बायका माझ्याकडे बघतात, मग एकमेकींकडे बघतात. एकीने विचारलंच, "दोघी बहिणींचं काही बिनसलं होतं का हो?" बिनसलं होतं, पण त्याला पाच वर्षं झाली, आणि ते मिटलंही होतं. ते सगळं एकदा लिहून काढ म्हणजे मोकळी होशील, असं ह्यांचं म्हणणं. म्हणून लिहायला बसले आहे. मोकळी होईन असं काही मला वाटत नाही.

शेवटची भेट सांगायची तर त्यात सांगण्यासारखं काही नाही. ती जाण्याच्या दोन दिवस आधी संध्याकाळी येऊन गेली. छत्री दारात उलटी ठेवली, आत आली नाही. "मलमलचा जुना कपडा आहे का गो? मऊ झालेला?" मी ह्यांच्या जुन्या धोतराचा तुकडा दिला. तिने तो दिव्यासमोर धरला, बोटांनी चाचपला आणि परत केला. "ह्याला धागे सुटतात. दुसरा नाही?" मी नाही म्हटलं. दुसरा होता, पण माळ्यावरच्या पेटीत होता आणि मला तेव्हा शिडी लावायचा कंटाळा आला होता. "बरं," म्हणाली आणि गेली. तिच्या हातांना थिनरचा वास येत होता, इतकंच आठवतं.

अक्काचं नाव इंदू. मी सुमन, तिच्याहून सात वर्षांनी लहान, आणि विजू शेंडेफळ. वडील गेले तेव्हा अक्का एकोणीस वर्षांची होती. चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा तिने दिलेल्या होत्या, त्या जोरावर तिला एका सरकारी कचेरीत ट्रेसर म्हणून नोकरी लागली. साहेब लोक पुलांचे, मोऱ्यांचे, रस्त्यांचे नकाशे पेन्सिलीने काढतात. त्यांवर पारदर्शक कापड टाकून शाईने जसेच्या तसे उतरवून घेणं हे ट्रेसरचं काम. सत्तावीस वर्षं अक्काने दुसऱ्यांनी आखलेल्या रेघांवरून रेघा ओढल्या. त्या पगारात मी बी. ए. झाले, विजू आयटीआय करून बोटीवर लागला, आईचं आजारपण निघालं. अक्काचं लग्न बघता बघता राहून गेलं. राहून गेलं म्हणजे आम्ही राहू दिलं, असं आता म्हणावंसं वाटतं. आई गेल्यावर दोन खोल्या आणि मागची पडवी एवढ्या घरात ती एकटी राहू लागली. मी चार गल्ल्या पलीकडे होतेच. रोज संध्याकाळी ती येई, अर्धा तास बसे आणि जाई. अडीअडचणीला असावी म्हणून तिच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असे.

रॉकेट आलं ते विजूमुळे. त्याने कुठल्याशा बंदरावर एक मोठा खोका घेतला, स्वतःच्याच हौसेने. खोक्यावर निळ्या आभाळात चढत जाणाऱ्या पांढऱ्या रॉकेटचं चित्र होतं. आत पुठ्ठ्याची लांब नळी, पंखांसाठी पिसासारख्या हलक्या लाकडाची फळी, प्लास्टिकचं टोक, घडी घातलेली छोटी हवाई छत्री आणि दारूच्या दोन कांड्या. कांडी म्हणजे अंगठ्याएवढी जाड पुठ्ठ्याची नळी, आत दारू ठासलेली. ती नळीच्या बुडाशी बसवायची आणि लांबून विजेच्या तारेने पेटवायची. रॉकेट वर जातं, तिथे कांडीतून एक बारीक बार उडतो, टोक सुटतं, छत्री उघडते आणि सगळं अलगद खाली येतं. या कांड्या त्याने कशा आणल्या ते त्यालाच ठाऊक. मुंबईच्या एका खोलीच्या घरात गॅसशेजारी दारू नको, असं त्याच्या बायकोने बजावलं, तेव्हा खोका रत्नागिरीला आला आणि अक्काच्या माळ्यावर गेला. पुढच्या सुट्टीत विजूला त्याची आठवणही नव्हती. अक्कानेच खोका खाली काढला.

"विजू, हे मी करू?"

"तू? अक्का, खेळणं आहे गो ते."

"खेळणंच ना? मग करू दे की."

आम्ही दोघंही हसलो होतो. अक्का हसली नाही. तिने शब्दकोश समोर ठेवून सोबतचं माहितीपत्रक वाचून काढलं. फळीला पातं लावण्याआधी प्रत्येक भाग ट्रेसिंगच्या कापडावर उतरवून घेतला, मापं टाकली आणि भिंतीवर टाचला. असे तीन आठवडे गेले. मग एका रविवारी तिने पहिला पंख कापला आणि मला दाखवायला घेऊन आली, पोह्याच्या बशीत ठेवून, वर दुसरी बशी झाकून.

जोडणी दोन महिन्यांत झाली. खरं काम त्यानंतर निघालं, ते म्हणजे गुळगुळीत करण्याचं. हलक्या लाकडाला रेषा असतात, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळीची खाच दिसते. त्यावर तसाच रंग दिला तर सगळं वर उमटतं. अक्काला ते चालेना. "हवा कुठे अडकता कामा नये," असं ती म्हणायची, पण माझ्या मते तिला मुळात ती रेषाच सहन होत नव्हती. कोणीतरी तिला हसनमियाँचं नाव सांगितलं. मिरकरवाड्याला ते मच्छीमारी लाँचींना रंग द्यायचे, साठीच्या पुढचे, एका डोळ्यात फूल पडलेले. पंख जेवणाच्या डब्यात घालून, छत्री घेऊन अक्का बंदरावर गेली. लाँचींच्या सावलीत, माशांच्या वासात, कचेरीतली एक बाई डबा उघडून लाकडाच्या तीन चकत्या दाखवते आहे... हसनमियाँ आधी गोंधळले, मग त्यांनी पंख डोळ्याशी धरला. "लाकूड उघडं आहे बाय," ते म्हणाले. "आधी त्याचं तोंड बंद कर. लांबी भर, घास, परत भर. मग रंग."

लांबी म्हणजे लाकडाच्या खाचा बुजवायचा लगदा. तो कसा कालवायचा हे त्यांनी तिला शिकवलं. कोरडा पॉलिश पेपर कुठवर वापरायचा, पाण्यात भिजवायचा काळा पेपर कधी घ्यायचा, रंगाचा एक हात दिल्यावर दुसरा देण्याआधी किती थांबायचं, हेही शिकवलं. इतकं शिकेपर्यंत पाऊस आला. दमट हवेत पांढऱ्या रंगावर साय धरल्यासारखं मळभ येई. अक्का ते खरवडून टाकी आणि पहिल्यापासून सुरू करी. मग तिने एका आंब्याच्या रिकाम्या पेटीत चाळीसचा बल्ब बसवला आणि भाग त्यात सुकायला ठेवू लागली. संध्याकाळी तिच्याकडे गेलं की अंधाऱ्या पडवीत पेटीच्या फटींतून पिवळा उजेड येत असे. वीज गेली की अक्का हातातलं काम टाकून पेटीपाशी जाऊन बसायची.

गावात बोलणं सुरू झालं. हळदीकुंकवाला एकीने मला विचारलं, "तुझी अक्का बॉम्ब करते म्हणे?" ह्यांच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत चेष्टा होई. मला लाज वाटायची, हे कबूल करायला हवं. चाळिशीच्या पुढची, एकटी राहणारी बाई, बंदरावर जाते, हातांना रंग फासून येते. एकदा मी म्हटलंसुद्धा, "अक्का, आता पुरे कर. लोक हसतात."

"हसू देत," ती म्हणाली. "त्यांच्या हसण्याने रंग फुगत नाही."

वर्ष-सव्वा वर्षानंतर रॉकेट पुरं झालं. हातभर लांब, पांढरंशुभ्र, तीन लाल पंख. पांढरा आणि लाल जिथे मिळतात तिथे तिने कचेरीतल्या शाईच्या पेनात रंग भरून केसाएवढी काळी रेघ ओढली होती. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ते पाहिल्यावर बोट लावायचा धीर झाला नाही. पडवीतल्या टेबलावर एका लाकडी ठोकळ्यावर ते उभं असे. उडवणार कधी असं विचारलं की म्हणायची, "अजून एका पंखाच्या मुळाशी खळगा आहे." तो खळगा मला कधी दिसला नाही.

त्या वर्षी दिवाळी संपल्यावर जुन्या नकाशांच्या नकला करायला कचेरीने अक्काला चार दिवस राजापूरला पाठवलं. विजू सुट्टीवर आलेला, बरोबर बोटीवरचे दोन मित्र. जेवणं झाली, रॉकेटचा विषय निघाला, मित्रांना ते बघायचं होतं. मी किल्ली घेऊन त्यांना तिकडे नेलं. बघता बघता विजू म्हणाला, "सुमे, उद्या उडवू या."

"अक्का येऊ दे."

"ती कधी उडवायची नाही गो. अशीच घासत बसेल. आणलं कुणी? मीच ना? एक कांडी वापरू, दुसरी आहेच. आणि परत आणून जागेवर ठेवू. तिला कळणारसुद्धा नाही."

मी नाही म्हणू शकले असते. किल्ली माझ्या हातात होती. पण मलाही ते वर जाताना बघायचं होतं. आणि खरं सांगायचं तर, ते टेबल एकदाचं रिकामं व्हावं, असंही माझ्या मनात कुठेतरी होतं.

सकाळी सातच्या सुमारास आम्ही गावाबाहेर सड्यावर गेलो. जांभ्याचा उघडा कातळ, मधे मधे वाळत आलेलं गवत, पलीकडे कडा आणि खाली समुद्र. विजूने कातळाच्या भेगेत लोखंडी सळई रोवली, रॉकेट तिच्यावर चढवलं, तारा ओढल्या. मोठ्याने उलटे आकडे म्हटले. मला वाटलं होतं मोठा आवाज होईल, पण फडकं फाडल्यासारखा नुसता सर्रकन आवाज झाला आणि सळई रिकामी दिसली. मान वर करेपर्यंत ते इतकं उंच गेलं होतं की पांढरा ठिपका तेवढा राहिला. मग छत्री उघडली. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनीच वाजवल्या. छत्री खाली येण्याऐवजी बाजूला सरकायला लागली तेव्हाही आम्ही हसतच होतो. सकाळचा मतलई वारा, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. बोटीवर उभं आयुष्य काढणाऱ्या तिघांपैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. आम्ही कड्यापर्यंत धावलो. रॉकेट आमच्या डोळ्यांदेखत, सावकाश, पाण्यावर जाऊन उतरलं. थोडा वेळ लाल पंख दिसत राहिले. मग दिसेनासे झाले.

विजू दुसऱ्याच दिवशी मुंबईला गेला. अक्का परत आली तेव्हा मी तिच्या घरी जाऊन बसले होते. तिने पिशवी खाली ठेवली, पाय धुतले, पडवीत गेली. मी मागोमाग गेले आणि सगळं सांगून टाकलं. ती त्या ठोकळ्याकडे बघत होती. तिने विचारलं, "सरळ गेलं?"

"हो."

"डोललं नाही? सुरुवातीला?"

"नाही. अगदी सरळ गेलं."

"आणि उन्हात रंग कसा दिसला?"

"छान दिसला, अक्का."

"हं," म्हणाली. "चहा घेतेस?" आम्ही चहा घेतला. तिने राजापूरच्या नकाशांचं सांगितलं, कागदांना कसर लागली आहे म्हणाली. मी निघाले तेव्हा दारात तिने हात पुढे केला. "किल्ली दे गो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पुढचे चार-पाच महिने तिने मला एका शब्दानेही दुखावलं नाही. संध्याकाळी येई, पण अर्ध्या तासाच्या जागी दहा मिनिटं बसे. सणाला मोदक घेऊन येई. मी तिच्याकडे गेले की आम्ही पुढच्या खोलीत बसायचो. पडवीचं दार ओढलेलं असे. आतून लांबीचा वास यायचा, त्यावरून कळायचं की तिने काहीतरी नवं घेतलं आहे. मी विचारत नसे. विजूला तिने पत्रात एक ओळसुद्धा लिहिली नाही. तो मला लिहायचा, अक्का रागावली आहे का ते कळव.

शिमग्याच्या आसपासची गोष्ट. माझ्याकडे मासे घेऊन येणाऱ्या बाईला मी हे सगळं कधीतरी बोलले होते. एक दिवस ती टोपली उतरवत म्हणाली, "बाये, पूर्णगडला माझ्या भावाच्या जाळ्यात कायतरी लाल-पांढरं आलंय. नळीसारखं. ते तुमचंच असंल." मी दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता एसटीत बसले. पूर्णगडला उतरून विचारत विचारत तिच्या भावाचं घर काढलं. त्या माणसाने मला पडवीत बसवलं, पाणी दिलं, आत जाऊन ती वस्तू आणली. जाळ्याला बांधतात तो प्लास्टिकचा बोया होता. लांबट, लाल आणि पांढरा. मी तो हातात धरून बसले. "ह्येच ना?" त्याने मोठ्या आशेने विचारलं. मला नाही म्हणवेना. "हेच," म्हटलं, आणि तो पिशवीत घालून परतीची गाडी पकडली. अक्काला सांगणार नव्हते. पण बंदरावरच्या गोष्टी बंदरावरून फिरतात. चार दिवसांनी ती आली आणि नेहमीच्या जागी न बसता सरळ स्वयंपाकघरात आली.

"पूर्णगडला गेली होतीस म्हणे. हसनमियाँ सांगत होते."

"हो."

"काय मिळालं?"

मी फळीवरून बोया काढून दिला. अक्काने तो फिरवून फिरवून पाहिला, अंगठा फिरवला. "साच्याची शिवण तशीच ठेवली आहे," ती म्हणाली. "घासलीसुद्धा नाही." आणि हसायला लागली. अक्का क्वचित हसायची, पण हसली की डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. मीही हसले. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "उद्या रविवार. ये सकाळी."

पडवीत दुसरं रॉकेट अर्धं झालेलं होतं. या खेपेला सगळं इथलं. नळी तिने नकाशाचा जाड कागद सळईवर गुंडाळून, थरांना सरस लावून केली होती. टोक पांगाऱ्याच्या लाकडाचं, एका सुताराकडून चरकावर फिरवून गोल काढून घेतलेलं. मला एक पंख आणि पॉलिश पेपरचा तुकडा दिला. "एका दिशेने घास. गोल गोल नको." पहिल्याच दिवशी मी पंखाची कड खाऊन टाकली. अक्काने पंख घेतला, लांबी भरली आणि पेटीत सुकायला ठेवला. पुढच्या रविवारी तोच पंख पुन्हा माझ्या हातात दिला.

पुढे वर्षभर बहुतेक रविवार असे गेले. हे म्हणायचे, "आमच्याकडे दोन शास्त्रज्ञ झाले." अक्का काम करताना फारशी बोलत नसे, मीच बडबडायचे. एकदा मधेच बोलायची थांबले आणि म्हणाले, "अक्का, त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या."

ती घासत होती. हात थांबला नाही. "मग? चांगलं उडालं ना? वाजवायच्याच." थोड्या वेळाने पंखावर फुंकर मारली, धूळ उडवली. "मला बोलवायला हवं होतंत," म्हणाली. त्या विषयावर ती जन्मात तेवढंच बोलली.

छत्री मी शिवली, आईच्या रेशमी सोवळ्याच्या तुकड्याची. मशीनवर कडेने मारलेली टीप दोनदा उसवून पुन्हा मारली. उडवायचा दिवस अक्काने हसनमियाँना विचारून ठरवला. मतलई पडतो आणि समुद्राकडून खारा वारा सुटतो, त्यांच्या मधे अर्धा तास हवा उभी असते, असं ते म्हणाले. महिनाभर ती सुट्टीच्या दिवशी सड्यावर जाऊन काठीला दोरा बांधून बघत बसली. माघातल्या एका रविवारी, साडेदहाच्या सुमारास, आम्ही दोघी आणि हसनमियाँ तिथे होतो. राहिलेली कांडी दोन पावसाळे तांदळाच्या डब्यात काढून आलेली, पेटेल की नाही याची खात्री नव्हती. अक्काने तारा जोडल्या आणि बटण माझ्या हातात दिलं. "तू दाब. मला बघायचंय."

ते पेटलं. पहिल्याइतकं उंच गेलं नाही, पण सरळ गेलं, छत्री उघडली आणि आमच्यापासून शंभर पावलांवर कातळावर उतरलं. उतरताना एक पंख तडकला. अक्का गुडघ्यांवर बसून त्या तड्याकडे इतक्या आवडीने बघत होती की हसनमियाँ म्हणाले, "बाय, तुला काम मिळालं."

त्यानंतर कांड्या नव्हत्या. विजू दर पत्रात आणतो म्हणायचा, पण ते काही जमलं नाही. तरी अक्काचं काम थांबलं नाही. तिसरं झालं, चौथं झालं. आधीच्यापेक्षा प्रत्येक वेळी चांगलं. एकदा मी विचारलं, "कांडी कुठून आणणार?"

"कशाला?"

"अगो, उडवायला."

"हे उडेल असं करायचं," ती म्हणाली. "उडवलंच पाहिजे असं कुठे आहे?"

मी काळा पेपर पाण्यात बुडवला आणि पुढचा पंख घासायला घेतला.

तेराव्याला विजू आला होता. पंगती उठल्यावर आम्ही दोघंच पडवीत गेलो. टेबलावर तीन रॉकेटं ओळीने उभी होती आणि पाचवं, म्हणजे शेवटचं, अर्ध्या रंगात आडवं ठेवलेलं होतं. विजूने एकावरून बोट फिरवलं. "सुमे," म्हणाला, "शोभेच्या दारूवाल्याकडून कांडी भरून घेऊ. एक उडवू या. अक्कासाठी."

"नाही."

"का गो?"

"तिला विचारलेलं नाही."

तो पायरीवर बसून रडायला लागला, मोठ्याने, लहान मुलासारखा. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ठेवायचा असतो म्हणून ठेवला. त्याचं रडणं मला दुसऱ्या कोणाच्या घरातून ऐकू आल्यासारखं येत होतं. मी टेबलावरचे पंख मोजत होते.

घर आता रिकामं करायचं आहे. कपडे देऊन झाले, भांडी विजूच्या बायकोने नेली. पडवीला मात्र मी अजून हात लावू दिलेला नाही. तिथे दाराच्या आतल्या बाजूला एक दिनदर्शिका टांगलेली आहे. इतके रविवार त्या खोलीत काढूनही मी ती कधी नीट पाहिली नव्हती. दार नेहमी उघडं असायचं आणि ती दारामागे जायची. मध्यंतरी एकदा आवरताना दार लावून घेतलं, तेव्हा दिसली. प्रत्येक चौकोनात अक्काचं बारीक, टोकदार पेन्सिलीतलं अक्षर. 'लांबी. ऊन बरं.' 'दमट. हात लावला नाही.' 'दुसरा हात. धूळ.' ती गेली त्या दिवसाचा चौकोन कोरा होता. मी पान उलटलं. पावसात रंग वाळत नाही, म्हणून तिने पुढची कामं पाऊस सरल्यानंतरच्या तारखांवर टाकून ठेवली होती. एका गुरुवारी लिहिलं होतं, 'पांढरा, तिसरा हात.' त्यानंतरच्या सोमवारी, 'घासणे.'

त्या गुरुवारी मी गेले. डब्याचं झाकण चमच्याने उघडलं, रंग ढवळला, ब्रश घेतला आणि अर्ध्या राहिलेल्या त्या रॉकेटला तिसरा हात दिला. काही वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही. ब्रश धुऊन तिच्या स्टुलावर बसून राहिले. तासाभराने वाळलं असेल म्हणून अंगठा टेकवला, तर ठसा उमटला. माझा ठसा, ओल्या पांढऱ्या रंगात, प्रत्येक रेषेसकट. मी त्याच्याकडे बघत बसले...

सोमवारी पुन्हा गेले. काळा पेपर पाण्यात भिजवला आणि घासायला घेतलं. ठसा खोल होता. तो जाईपर्यंत खालचा दुसरा हातही निघाला. फडक्याने पुसून पाहिलं तेव्हा बाहेर पाचचा भोंगा झाला होता. मग दार लावून घेतलं, खिळ्याला दोऱ्याने बांधलेली तिची पेन्सिल घेतली आणि पुढच्या गुरुवारच्या कोऱ्या चौकोनात लिहिलं, 'दुसरा हात, पुन्हा.'